शेवटची तीस पावलं : चालायला त्रास असताना विदर्भातल्या गावी जिओकॅशिंग

मोबाइलवर आकडा येतो, ९ मीटर. सोबतची मुलं ते अंतर बोलता बोलता पार करतात. मला ते तुकड्यातुकड्यांनी दिसतं. आधी डांबराची तुटलेली कड, मग हातभर खाली उतरलेला मुरूम, मग नाली, आणि नालीपलीकडे बाभूळ. तिच्या बुडाशी कुठंतरी तो डबा. माझ्या डाव्या पायाला लहानपणापासून पोलिओ आहे. पायात कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा साचा), काखेत एक कुबडी आणि लांबच्या चालीसाठी व्हीलचेअर. सुट्ट्यांत मी पुण्याहून हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावी येते आणि भावाच्या मुलांना घेऊन हा खेळ खेळते. घरून डब्यापर्यंतचे शंभर किलोमीटर गाडी नेते. अडतं ते गाडीच्या दारापासून डब्यापर्यंत. माझं एक पाऊल दीड फुटाचं. अशी तीस पावलं म्हणजे पंचेचाळीस फूट, साधारण चौदा मीटर. सगळी तयारी या तीस पावलांची करायची असते, म्हणून हा लेखही बहुतेक तेवढ्याबद्दलच आहे.

जिओकॅशिंगचा हा खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. कोणीतरी एक डबा लपवतो, त्यात एक नोंदवही ठेवतो आणि जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर (geocaching.com) टाकतो. बाकीच्यांनी जीपीएसच्या मदतीने तो शोधायचा, वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि अचूकता एकदम वाढली. ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात पहिली बादली लपवली. आज हे डबे जगभर आहेत.

आमच्या भागाचं अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांशी नातं मात्र त्याहून जुनं आहे. १८०२ मध्ये मद्रासहून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. देशाचे अक्षांश-रेखांश नेमके करण्यात ज्याने वीस वर्षं घातली, तो माणूस आमच्या तालुक्याच्या गावी निजला आहे, हे मी मुलांना दर दिवाळीत सांगते.

आधी स्वतःचं माप घ्या

नकाशा उघडण्याआधी वही घ्या. घराच्या अंगणात एक दिवस घालवा आणि पाच गोष्टी मोजून लिहा. न थांबता किती पावलं जाता येतं? आधार न घेता किती वेळ उभं राहता येतं? कठडा असताना किती पायऱ्या चढता येतात आणि नसताना किती? हात खाली कुठवर पोचतो आणि वर कुठवर? पाचवी गोष्ट बहुतेक जण विसरतात. जमिनीवर बसलात तर कोणाच्या मदतीशिवाय उठता येतं का?

माझी वही अशी आहे : सपाटीवर १२० पावलं, मग पाच मिनिटं बसायला हवं. उभं राहणं चार मिनिटं. कठडा असेल तर चार पायऱ्या, नसेल तर एकही नाही. हात गुडघ्यापासून डोक्यापर्यंत. जमिनीवर बसणं बंद. हे आकडे सकाळचे. दुपारी चारनंतर सगळे निम्मे धरते. तुमचे आकडे वेगळे असतील, गुडघेदुखीवाल्याचे वेगळे, पक्षाघातानंतर एका बाजूने अशक्त झालेल्याचे वेगळे. पण आकडे हवेत. "थोडं चालता येतं" एवढ्यावर कोणताही बेत आखता येत नाही. सोबत येणाऱ्यालाही त्यातून काही कळत नाही.

व्हीलचेअर असेल तर तिची रुंदी चाकांवरच्या हातरिंगांसकट मोजा. घराच्या दाराची चौकट, शाळेचं फाटक, ग्रामपंचायतीचं दार यांचं मापही जमलं तर लिहून ठेवा. उताराचा हिशोब सोपा आहे. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा. त्याहून कमी लांबी असेल तर मागून ढकलणारा माणूस हवाच.

घरबसल्या चाळणी

प्रत्येक डब्याला दोन आकडे असतात. एक शोधायला किती अवघड ते सांगतो, दुसरा पोचायला किती अवघड ते. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याने वाढत जाणारे. आपल्या कामाचा दुसरा. पोचण्याचा आकडा १ म्हणजे व्हीलचेअरने जाता येईल, वाट बहुधा पक्की, सपाट आणि ८०० मीटरच्या आतली. तो दीड झाला की व्हीलचेअरची हमी गेली. २ मध्ये तीन किलोमीटरपर्यंतची चाल येऊ शकते. ५ म्हणजे दोर, होडी अशी साधनं लागणार.

पण हा आकडा लपवणाऱ्याने दिलेला असतो आणि लपवणारा बहुधा चालता-फिरता माणूस असतो. पहिल्या वर्षी मी एका दीडच्या डब्याला गेले होते. वाट सपाटच होती. मात्र शेवटी दोन उंच, बिनकठड्याच्या पायऱ्या होत्या आणि त्यापुढे चाळीस मीटर गिट्टी. मी गाडीजवळूनच परतले. लपवणारा खोटं बोलला नव्हता, त्याच्या पायांना त्या पायऱ्या जाणवल्याच नव्हत्या. तेव्हापासून मी आकड्यावर विसंबत नाही, चार गोष्टी बघते.

पहिली, डब्याच्या पानावरची छोटी चिन्हं. व्हीलचेअरचं चिन्ह, जवळ गाडी लावायची सोय, बाबागाडी जाईल अशी वाट, काटे, धोकादायक प्राणी, आणि गाडी थांबवून लगेच काढता येईल अशा जागेसाठीचं 'पार्क अँड ग्रॅब'. दुसरी, आधी गेलेल्यांच्या नोंदी. "चिखलात बूट रुतला", "भिंतीवरून वाकून काढला", "झाडावर चढावं लागलं" असं एखादं वाक्य आकड्यापेक्षा खरं असतं. तिसरी, उपग्रहाचं चित्र. गूगल मॅप्समध्ये अंतर मोजायची सोय आहे. गाडी जिथं उभी राहील तिथून बिंदूपर्यंत रेघ ओढा आणि मीटरना आपल्या पावलांत बदला. मध्ये नाला, नहर किंवा कुंपणाची रेघ दिसली तर वळसा धरून पुन्हा मोजा. चौथी, थेट विचारणं. संकेतस्थळावरून लपवणाऱ्याला निरोप पाठवता येतो. "अपंगांना जमेल का?" असं विचारू नका, उत्तर "हो, सोपं आहे" असंच येतं. विचारा, "गाडी उभी राहते तिथून डब्यापर्यंत किती पायऱ्या आहेत? डबा जमिनीपासून किती फुटांवर आहे? वाट डांबरी, मुरमाची की मातीची?" अशा प्रश्नांना माणूस आठवून उत्तर देतो.

डब्याच्या पानावर एक सुगावाही असतो, अक्षरं तेरा-तेरा घरं पुढे सरकवून लिहिलेला. ए म्हणजे एन, बी म्हणजे ओ. शोधाची मजा जाईल म्हणून बरेच जण तो शेवटपर्यंत उघडत नाहीत. आपण घरीच उघडावा. वाकून-उठून दहा ठिकाणी हात घालायची ताकद आपल्याकडे नाही. ती एकाच ठिकाणी वापरायची आहे.

आकारही बघा. सगळ्यात लहान डबी करंगळीच्या पेराएवढी असते, लोहचुंबकाने चिकटवलेली. ती काढायला पाय लागत नाहीत पण बोटं चांगली लागतात. संधिवाताने बोटं वाकडी झाली असतील तर लिटरभराचा डबा बरा.

अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या पद्धतीत एक खड्डा आहे. या खेळात अंश आणि दशांश मिनिटं लिहितात, जसं उ. २१° ०८.४००'. मोबाइलचे नकाशे बहुधा फक्त दशांश अंश दाखवतात. मिनिटांना ६० ने भागायचं : ८.४ भागिले ६० म्हणजे ०.१४, म्हणून २१.१४००. घाईत कोणी २१.०८४०० टाकलं तर सहा किलोमीटर दक्षिणेला जाऊन उभा राहील. चालणारा माणूस असा चुकला तर वैतागेल. आपला चुकण्यात दिवस जातो. आकडा टाकल्यावर बिंदू नेमका कोणत्या गावात पडतो ते डोळ्यांनी बघा आणि मगच नकाशा ऑफलाइन साठवा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नकाशाच्या चित्राला लागतं, आणि आमच्याकडे गाव सोडून वावराच्या वाटेला लागलं की सिग्नल जातो.

एक गोष्ट स्वीकारून निघा. पुण्या-मुंबईच्या मानाने ग्रामीण विदर्भात नोंदलेले डबे फार थोडे आहेत. आपल्या तालुक्याचा नकाशा उघडल्यावर तो रिकामा दिसू शकतो. त्यावरचा उपाय पुढे सांगते, आणि मला विचाराल तर खरा आनंद तिथंच आहे. त्याआधी बिनडब्याचे प्रकारही बघा. अर्थकॅशमध्ये डबा नसतोच. भूगर्भातलं काहीतरी बघायचं आणि प्रश्नांची उत्तरं पाठवायची. ॲडव्हेंचर लॅबमध्ये जागेवर जाऊन ॲपमधल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. वाकणं नाही, हात घालणं नाही.

कधी निघायचं, कशातून, काय घेऊन

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा आपला काळ. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. व्हीलचेअरची हातरिंग आणि कॅलिपरची पट्टी इतकी तापते की कातडी पोळते, आणि मोबाइलही गरम होऊन बंद पडतो. उन्हाळ्याच्या सुट्टीशिवाय येणं जमतच नसेल तर सकाळी सहा ते नऊ, बस्स. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरते की दहा फुटांत चाक फिरेनासं होतं आणि कुबडीचं टोक वीतभर रुतून बसतं. दिवाळीत तीच माती वाळून भेगाळलेली असते. भेगेत कुबडी अडकली तर माणूस तोंडावर पडतो. म्हणून कोणत्याही महिन्यात डांबर, सिमेंट किंवा दाबलेला मुरूम सोडायचा नाही. पांदण रस्ता नुकताच मातीकामाचा झाला असेल तर आदल्या दिवशी कोणालातरी फटफटीवर पाठवून फोटो मागवा.

चाकांची एक अडचण आमच्या भागाचीच आहे. पऱ्हाटीची आणि तुरीची कापलेली खुंटं, आणि बाभळीचे काटे. हवेची चाकं यांत टिकत नाहीत. भरीव रबराची चाकं गचके देतात, पण घरी आणतात. पुढची लहान चाकं मुरमात रुतली तर ढकलू नका. खुर्ची फिरवून उलटी ओढायची, म्हणजे मोठी चाकं आधी जातात. उतारावरही उलटंच उतरायचं, माणूस मागे आणि चढाकडे तोंड.

लालपरीची पहिली पायरी माझ्या कंबरेला येते, त्यामुळे मी गावातला ऑटो दिवसभरासाठी ठरवते. चालकाला आधीच सांगते की आपण पाच ठिकाणी थांबणार, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, आणि गाडी मी सांगेन त्या बाजूला लावायची. आमच्याकडे रस्त्याची एक कड बहुधा दुसरीपेक्षा खोल असते. दार कोणत्या बाजूला उघडतं यावर माझी दहा पावलं वाचतात. दिवाळीत कापसाने भरलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला घासून जातात, तेवढं ध्यानात ठेवून गाडी पूर्ण खाली घ्या.

आता लघवीचं बोलते, कारण कोणी बोलत नाही. जागेवर सोय नसेल म्हणून आपल्यातले बहुतेक जण, विशेषतः बायका, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. विदर्भाच्या हवेत हे धोक्याचं आहे. चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि अशक्त पाय आणखी अशक्त होतो. त्यामुळे आखणी डब्यापासून सुरू करू नका, शौचालयापासून करा. खुर्चीची सोय असलेलं शौचालय कुठल्या पेट्रोल पंपावर आहे, कुठल्या नातेवाइकाकडे आहे, ते आधी फोन करून विचारा आणि त्याच्या तासाभराच्या घेरातले डबे निवडा. जिल्हा परिषदेच्या शाळेत उतार असण्याची शक्यता बरी असते. शिक्षण हक्क कायद्यात शाळेची इमारत अडथळ्यांशिवाय हवी असं म्हटलं आहे, आणि मतदानालाही शाळाच वापरतात. सुट्टीत किल्ली मुख्याध्यापकांकडे किंवा शिपायाकडे असते. आदल्या दिवशी विचारलं तर नाही म्हणणारं मला अजून कोणी भेटलं नाही.

पिशवीत मी एवढंच घेते : घडीचं स्टूल, दोन पेन्सिली (पेनची शाई उन्हात दगा देते), बारीक चिमटा, फूटभर दोरीला बांधलेलं लोहचुंबक, बॅटरी, कातडी हातमोजे, ओआरएस, पॉवर बँक, आणि लांब दांड्याचा पकडीचा चिमटा. हा चिमटा वाकता न येणाऱ्यांसाठीच बनवलेला असतो, वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळतो.

जागेवर

गाडी थांबली की उतरू नका. आधी सोबतच्याला पाठवा, त्याच्या हाती मोबाइल द्या आणि त्याने परत येऊन तुम्हाला वाट सांगायची : किती पावलं, कुठे खड्डा, बसायला काही आहे का. मग ठरवा. यात कमीपणा नाही. माझ्या मोजक्या पावलांचा साठा चुकीच्या दिशेला घालवणं मला परवडत नाही.

मोबाइलची चूक मोकळ्या आभाळाखाली पाचेक मीटर असते, मोठ्या वडाखाली किंवा टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त. लपवणाऱ्याच्याही मोबाइलची तेवढीच चूक धरा. म्हणजे बाण शून्यावर आला तरी डबा दहा मीटरच्या घेरात कुठेही असू शकतो. या घेरात बाणामागे फिरायचं नाही. स्टूल टाका, बसा आणि डोळ्यांनी शोधा. मनुष्याने ठेवलेली वस्तू कुठे शोभत नाही? तीनच दगड नीट रचलेले, कुंपणाच्या खांबावर एकच नवी तार, मैलाच्या दगडाआड सुतळीचं टोक. बसून शोधणारा माणूस उभ्याने फिरणाऱ्यापेक्षा जास्त बघतो, हा माझा अनुभव आहे. मुलं धावत चार वेळा ज्यावरून गेली, तो डबा मला स्टुलावरून दिसला आहे.

मग तीन जागा ठरवा आणि सोबतच्याला सांगा. आमच्यात नियम आहे, डोळे आत्याचे, हात पोरांचे. मुलाला आधी सापडला तर ओरडायचं नाही, मागे येऊन उभं राहायचं आणि "चहा" म्हणायचं. मग मी शोधत राहते. डबा कोणी उचलला हे खेळाचे नियम विचारत नाहीत, वहीत तुमचं नाव हवं एवढंच. त्यामुळे डबा आणून दिला तरी शोध तुमचाच. वही मात्र स्वतः उघडा, स्वतः लिहा.

मदत कशी करायची तेही निघण्याआधी सांगून ठेवा. कुबडीच्या बाजूचा हात धरायचा नाही, त्याने तोल जातो. मी सोबतच्याचा दंड धरीन, त्याने माझा धरायचा नाही. खुर्चीसकट उचलायची वेळ आली तर मला विचारून, आणि चौघांनी.

उघड्या हाताने भोकात, दगडाखाली, पाल्यात हात घालायचा नाही. पीक कापल्यावर घोणस धुऱ्याकडेला (बांधाच्या कडेला) वाळल्या पाल्यात पडून असते आणि मातीसारखीच दिसते. आधी लांब काठीने हलवा, थांबा, बॅटरी मारा. आपल्याला पटकन मागे सरता येत नाही, त्यामुळे हा नियम आपल्याला दुप्पट लागू. आग्या मोहोळ दिसलं तर तो डबा त्या दिवशी सोडून द्यायचा.

रस्त्याच्या कडेला कोणी काही शोधताना दिसलं की आमच्याकडे माणसं थांबतातच. "काय पाह्यता जी ताई? काही पडलं काय?" लपवू नका. मी सरळ सांगते, "मोबाइलवरचा डबा शोधायचा खेळ आहे दादा, पोरांसोबत खेळते." बहुतेक वेळा दादा गाडी लावून शोधायलाच लागतात, आणि मग त्यांना डबा जागीच परत ठेवायचा असतो हे समजावून सांगावं लागतं. लष्करी कोठाराच्या, धरणाच्या भिंतीच्या किंवा रेल्वेमार्गाच्या आसपास मात्र थांबूच नका. आमच्या जिल्ह्यात पुलगावला दारूगोळ्याचं मोठं कोठार आहे, त्या भागात मोबाइल धरून झुडपांत बघत बसणं कोणालाही संशयाचं वाटेल. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतही हा खेळ नको, तिथं गाडीतून उतरायचीच परवानगी नसते.

डबा नाही? मग गावातच लपवा

संकेतस्थळावर सुट्टीपुरता डबा नोंदवता येत नाही. लपवणाऱ्याने त्याची देखभाल करायची असते, आणि तुम्ही आठ दिवसांत परत जाणार. जागेच्या मालकाची परवानगी लागते, खोदून पुरायला मनाई आहे, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं. गावात राहणारं घरातलं कोणी जबाबदारी घेणार असेल तर जरूर नोंदवा, आणि पोचण्याचा आकडा १ द्यायचा असेल तर व्हीलचेअर स्वतः नेऊन पाहून मगच द्या. नाहीतर फक्त घरच्यांसाठी लपवा. एक वही, पाच डबे, एक मोबाइल एवढं पुरे.

माझी एकच कसोटी आहे. जो डबा मी स्वतः, खुर्चीत बसून, कोणाच्या मदतीशिवाय ठेवू शकते तोच ठेवायचा. मग तो कोणालाही काढता येतो, गुडघे गेलेल्या आईलाही आणि पाच वर्षांच्या पोरालाही. उंची जमिनीपासून दोन ते साडेतीन फूट. समोर खुर्ची वळेल एवढी, पाच फूट तरी मोकळी, पक्की जागा.

आमच्या गावातल्या माझ्या जागा सांगते. शाळेच्या उताराचा लोखंडी कठडा, त्याच्या आतल्या बाजूला लोहचुंबकाची डबी, मुख्याध्यापकांना विचारून. पाण्याच्या टाकीचा लोखंडी पाय, ग्रामपंचायतीला विचारून. वडाचा पार, तिथं डबा दगडांच्या फटीत नाही, सुतळीने पारंबीला बांधलेला. पार बसायच्या उंचीचा आहे, त्यामुळे शोधणाऱ्याला विसावाही मिळतो. चौथा वावरात, धुऱ्यावरच्या कडुनिंबाला. तिथं मी बंडीतून, म्हणजे बैलगाडीतून, जाते. बंडीत तणस टाकून त्यावर गादी, पाठीला लोड, आणि चढायला ओट्याला लावलेली बंडी, म्हणजे पाय उचलावाच लागत नाही. मोटरपंपाच्या स्टार्टरच्या पेटीजवळ काहीही लपवू नका. पाचवा डबा ओसरीच्या खांबाला, ज्यांना त्या दिवशी उठवतच नाही त्यांच्यासाठी.

तिठ्यावर, चौरस्त्यावर, स्मशानाच्या वाटेला डबा कधीही ठेवू नका. पहिल्या वर्षी मी एक डबा तिठ्यावरच्या दगडाआड ठेवला होता, लाल कापडात गुंडाळून, कारण कापड तेच हाताशी होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं माणसं जमली होती. कोणीतरी करणी केली असा समज झाला होता आणि एक म्हातारी खरोखर घाबरली होती. मी जाऊन माफी मागितली, डबा उघडून दाखवला. चूक माझीच होती, मी गावातच वाढले आहे, मला हे कळायला हवं होतं. तेव्हापासून लाल-काळं कापड नाही, लिंबाच्या आकाराचं काही नाही, डबा पारदर्शक, आणि वर मराठीत मोठ्या अक्षरांत : "हा मुलांचा शोधाचा खेळ आहे. धोका नाही. उघडून बघा, परत इथंच ठेवा." घराचा फोन नंबर, आणि सरपंचांना व पोलीस पाटलांना तोंडी कल्पना.

डबा झाकण घट्ट बसणारा हवा. स्टीलचा उन्हात पोळतो आणि चकाकला की वांदरं पळवतात, त्यामुळे पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्याला जाड सुतळी गुंडाळा, मजकुराची बाजू मोकळी ठेवून. आत खाऊ ठेवू नका, मुंग्या आणि वांदरं दोन्ही येतात. लाकडाला टेकलेल्या डब्यात उधळी (वाळवी) शिरते, म्हणून वही झिपच्या पिशवीत.

बिंदू घेताना मोबाइल डब्याच्या जागी दोन मिनिटं स्थिर ठेवा आणि आकडा लिहा. हेच सकाळी, दुपारी, संध्याकाळी करा आणि तिन्हींची सरासरी घ्या. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर जेमतेम पावणेदोन मीटर, त्यामुळे शेवटचा अंकही महत्त्वाचा.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. एक-दोन डब्यांचे शेवटचे अंक कोड्यात ठेवा, आणि कोड्याचं उत्तर अशा माणसाकडे ठेवा जो घराबाहेर पडत नाही. आमचे बाबा ऐंशीचे आहेत, दिवसभर ओसरीत बाजेवर असतात. कोडं असं : "जुन्या विहिरीच्या थारोळ्यावर कोरलेल्या सालाचा शेवटचा अंक." विहीर बुजून वीस वर्षं झाली. साल बाबांनाच आठवतं, आणि ते सांगताना विहीर कोणी खणली, पाणी कितव्या हातावर लागलं, हेही सांगतात. मुलांना अंक हवा असतो म्हणून ती पूर्ण ऐकतात. दुसरं कोडं काकूकडे, देवळाच्या सभामंडपाचे खांब किती. ती न हलता डोळे मिटून मोजते.

एखादा दिवस बाहेर

गाव खेळून झालं की एक दिवस लांब जा. सेवाग्राम मला सोपं जातं. १९३६ मध्ये गांधीजी तिथं राहायला आले. आवार सपाट आहे, झाडांची सावली आहे, बापू कुटी बाहेरून निवांत बघता येते. लोणारचं विवर बेसाल्टमध्ये उल्काघाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. खाली तळ्याकडे उतरणं विसरा, काठावरूनच अख्खं वर्तुळ दिसतं, आणि खरं तर ते दिसतं फक्त काठावरूनच. निघण्याआधी तिथल्या अर्थकॅशचा शोध संकेतस्थळावर घ्या. नागपूरला उतरणार असाल तर झिरो माइलचा खांब गाडीतूनही बघता येतो.

आणखी एक खेळ आहे, ज्यात कोणी काही लपवलेलंच नसतं. जिथं पूर्ण अक्षांश आणि पूर्ण रेखांश एकमेकांना छेदतात तो बिंदू गाठायचा. १९९६ पासून जगभर लोक असे बिंदू गाठून फोटो नोंदवतात. २१° उत्तर, ७९° पूर्व हा छेद नागपूरच्या दक्षिणेला बुटीबोरीच्या बाजूला पडतो. २०° उत्तर, ७९° पूर्व वणीजवळ. यात बिंदूपासून १०० मीटरच्या आत पोचलं तरी चालतं. पाच मीटरच्या हट्टापेक्षा हे शंभर मीटर आपल्यासाठी फार उदार आहेत. आधी उपग्रहचित्रावर बिंदूपासून सगळ्यात जवळचा रस्ता मोजा. तो शंभरच्या आत असेल तर गाडीच्या खिडकीतून मोबाइल बाहेर धरा, शून्यं जुळताना बघा आणि फोटो घ्या. वावर कोणाचं असेल तर विचारल्याशिवाय धुरा ओलांडू नका.

परत निघायच्या आदल्या दिवशी पाचही डबे गोळा करून मोजा. एकही मागे राहायला नको, बेवारस डबा गावाला नको. यंदा पारावरचा तेवढा ठेवला, कारण पुतणीने जबाबदारी घेतली. तिला चार कामं लिहून दिली आहेत : दर महिन्याला सुतळी तपासायची, वही भरली की बदलायची, पावसाळ्याआधी डबा घरी आणायचा, आणि पाराभोवतीच्या मुरमाला खड्डा पडला तर मला फोटो पाठवायचा.